काचेचं बूच

सोमवार, १२ जानेवारी

आजपासून लॅबोरेटरीचा चीफ मी. मालकांनी 'तूर्तास' हा शब्द वापरला, पण तो लोक सवयीने वापरतात. त्यात काही नसतं.

थेंबसाहेब शनिवारी रिटायर झाले. व्हिनेगरच्या या कारखान्यात त्यांनी जन्म काढला आणि उभ्या जन्मात ब्युरेटच्या काचनळीतून एक थेंब जास्त पडू दिला नाही, म्हणून हे नाव. जाताना मला दोन गोष्टी बजावून गेले. दर सोमवारी व्हिनेगर तपासायच्या कॉस्टिकची परीक्षा घ्यायची. म्हणजे कपाटातलं ऑक्झॅलिक ॲसिड नेमकं तोलायचं आणि त्याच्याशी कॉस्टिक ताडून बघायचं, की त्याचं बळ लेबलावर लिहिलंय तेवढंच आहे की उतरलंय. आणि कॉस्टिकच्या बाटलीचं रबरी बूच बदलायचं नाही. कॉस्टिकला हवा लागली की ते मरतं, म्हणाले. म्हातारी माणसं. आपल्याला वारा बाधतो म्हणजे सगळ्यांनाच बाधतो असं त्यांना वाटतं.

संकल्प: पहाटे उठणे. ही वही रोज लिहिणे. दर सोमवारी कॉस्टिकची परीक्षा, मग आभाळ कोसळो. आज मात्र चार्ज घेण्याचा दिवस असल्यामुळे परीक्षा नाही. पुढच्या सोमवारपासून.

रबरी बूच काळं, चिकट, कुणीतरी चावून ठेवल्यासारखं होतं. चीफच्या टेबलावर शोभेना. फेकून दिलं. स्टोअरमधून काचेचं आणलं, पैलू पाडलेलं. खिडकीतलं ऊन पडलं की चमकतं. कॉस्टिकची बाटली एकदम अत्तराची वाटायला लागली.

बुधवार, १४ जानेवारी

उद्या कुणी चार शब्द बोलायला बोलावलं तर तयारी असावी, म्हणून भाषण लिहून ठेवतो.

"मित्रहो, व्हिनेगर हे वीक ॲसिड. म्हणजे पोटात पुष्कळ असतं, पण बाहेर फार थोडं दाखवतं. कॉस्टिक हा स्ट्राँग बेस. तो मागत बसत नाही, पोटातलं सगळं काढून घेतो. फ्लास्कमध्ये व्हिनेगर घ्या, दोन थेंब इंडिकेटर घाला आणि वरून ब्युरेटमधलं कॉस्टिक सोडत राहा. बराच वेळ काहीही घडत नाही. थेंब पडतो, जरा गुलाबी चमकतो, विरतो. पडतो, विरतो. अडाणी माणसाला वाटेल, काही होतच नाहीये. आणि मग एका थेंबाला, मित्रहो, एकाच थेंबाला, सगळा फ्लास्क गुलाबी! तो रंग मनातल्या मनात तीस मोजेपर्यंत टिकला तर शेवट खरा. त्याआधी उडाला तर शेवट नव्हे. जितकं कॉस्टिक जास्त लागलं, तितकं व्हिनेगर कडक."

इथे टाळ्या.

भाषणात न घेण्यासारखा मुद्दा: या दोघांचं मिटतं तेव्हा ते पीएचच्या पट्टीवर बरोब्बर मध्यावर, सातावर, मिटत नाही. आठाच्याही वर जातं. स्ट्राँगचाच अंमल मागे उरतो. माझं लग्न याच तत्त्वावर चाललंय. ही वीक ॲसिड, मी स्ट्राँग बेस. वाद म्हणून नाही. मी बोलतो, ही गप्प बसते.

हिला भाषण वाचून दाखवलं. कसं वाटलं विचारलं तर म्हणाली, जाताना कचरा खाली न्या.

शुक्रवार, १६ जानेवारी

काचेचं बूच बाटलीत बसलं ते निघेना. फडक्याने धरून पिळलं. गरम पाणी ओतलं. पकडीने ओढलं. शेवटी टेबलाच्या कडेवर हलकेच ठोकलं तर बाटलीची मानच हातात आली. बूच मात्र तिच्यात ठणठणीत बसलेलं.

कॉस्टिक पँटवर. मांडीवर दोन भोकं. हिने ठिगळं लावून ठेवली, रंग जुळवून. चांगली आहे स्वभावाने.

फोन करून थेंबसाहेबांना विचारावं असं क्षणभर मनात आलं. विचार झटकला. चीफ विचारत नसतात.

शनिवार, १७ जानेवारी

नवीन कॉस्टिक बनवलं. कॉस्टिकच्या गोळ्यांच्या डब्याचं झाकण मी सोमवारपासून टाचण्या ठेवायला घेतलंय (चांगलं खोलगट आहे), त्यामुळे गोळ्यांनी ओल धरून त्यांचं पांढरं ढेकूळ झालेलं. तेच फोडून तोललं. थेंबसाहेब असते तर डबा फेकून दिला असता. उधळपट्टी! वजन म्हणजे वजन. बरोब्बर लेबलाइतकं भरलं.

बाटलीला काचेचं बूच पुन्हा नको. रबरी मिळालं नाही, कारण असलेलं मी फेकलं. कापसाचा बोळा लावलाय. दिसायला स्वच्छ, वैद्यकीय वाटतो.

सोमवार, १९ जानेवारी

परीक्षेचा दिवस. ऑक्झॅलिकची बाटली कपाटाच्या तळाशी, पुढे रिकामे कार्टन्स. कपडे नवीन होते. पुढच्या सोमवारी जुने घालून येणे.

त्याऐवजी मोठं काम केलं. टाक्यांच्या हॉलमधल्या खिडक्या वर्षानुवर्षं बंद. व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते हे तर पुस्तकात आहे. मग खिडक्या बंद का? सगळ्या उघडल्या. बाहेर कडाक्याची थंडी, टाकीवाले कानटोप्या घालून माझ्याकडे बघत होते. नव्या विचाराकडे लोक असंच बघतात.

गुरुवार, २२ जानेवारी

वाढलं! टाकीतलं व्हिनेगर नेहमीपेक्षा कितीतरी कडक निघालं. ब्युरेटमधलं कॉस्टिक उतरतच राहिलं, उतरतच राहिलं, फ्लास्क गुलाबी व्हायचं नाव घेईना. पुन्हा केलं. तेच.

खिडक्या उघडून तीन दिवस झाले नाहीत तोच! हा शोध आहे. हवा! आजवर कुणाला सुचलं नाही.

मालकांना सांगितलं. ते टाक्यांच्या हॉलमध्ये फिरून आले आणि म्हणाले की पूर्वी इथे पाऊल टाकलं की ठसका लागायचा, डोळ्यांना धार लागायची, आज काहीच नाही. मी म्हटलं, हवा खेळती झाली. ते खूश. मीही.

आता व्हिनेगर कडक म्हणजे त्यात पाणी जास्त घालावं लागणार. बाटलीत पाच टक्केच ॲसिड जायला हवं. किती पाणी ओतायचं ते मी ठरवतो. तेवढ्याच टाकीतून जास्त बाटल्या. मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. थेंबसाहेबांच्या पाठीवर कधी मारलेली मला आठवत नाही.

सोमवार, २ फेब्रुवारी

थेंबसाहेबांचा फोन. परीक्षा घेतोस ना, बूच रबरीच आहे ना, वगैरे. मी म्हटलं, व्हिनेगर आणखी कडक झालंय. ते म्हणाले, थंडीत व्हिनेगर कधी कडक होत नाही, जिवाणू गारठतात, तू आधी कॉस्टिक बघ.

नाकाला मिरच्या झोंबल्या, दुसरं काय. माणसाने जन्मभर खिडक्या बंद ठेवल्या आणि त्याच्या जागी आलेल्याने पंधरवड्यात उघडल्या, तर पोटात दुखणारच. हो हो म्हणून ठेवून दिला.

या रागात परीक्षा राहिली.

बुधवार, ११ फेब्रुवारी

घरी. हिने कारखान्यातून आणलेलं नवं व्हिनेगर किटलीत घालून उकळलं. आतला पांढरा थर निघाला नाही. पूर्वी एका उकळीत निघायचा, म्हणाली. मी समजावलं की नळाचं पाणी हल्ली जड झालंय, थर घट्ट बसतो. तिने बाटली उजेडाकडे धरली, वास घेतला आणि ठेवून दिली. मी विचारलं, काही म्हणायचंय का? नाही म्हणाली.

काही नसेलच.

रविवार, १५ फेब्रुवारी

मेहुणे जेवायला. हिचे थोरले भाऊ. ही त्यांना दादा म्हणते म्हणून मीही. वडील लवकर गेले तेव्हा दादांनी शाळा सोडून कामाला लागून हिला वाढवलं. ही गोष्ट ही कधी सांगत नाही, पण दादा आले की दोन वेळा पोळी वाढते त्यावरून कळतं.

दादांचा छोट्या कांद्यांचा आणि काकड्यांचा धंदा. सोलून, धुऊन, व्हिनेगरमध्ये बरण्या भरायच्या. आजवर गल्लीतल्या दुकानांपुरतं. आता मोठ्या दुकानांच्या साखळीने मागणी दिलीय, यंदाच्या पूर्ण सीझनची. घर सोडून सगळं यात घातलंय म्हणाले. व्हिनेगर नेहमीच्या कारखान्याचंच घ्यायचं चाललं होतं. मी म्हटलं, दादा, घरचा माणूस चीफ असताना बाहेर कशाला? दादांनी हिच्याकडे पाहिलं. हिने माझ्याकडे. मग ही म्हणाली, घे दादा, हे बघतील.

'हे बघतील'! लग्नाला इतकी वर्षं झाली, असं तिने पहिल्यांदा म्हटलं. कान तृप्त झाले. ऊर भरून आला. किटलीचा विषय तिने काढला नाही.

संकल्प: उद्या, सोमवार, परीक्षा. दादांसाठी. शपथ.

सोमवार, १६ फेब्रुवारी

चिलटं. खिडक्यांमधून थव्यांनी येतात, व्हिनेगरच्या वासाने. मालक ओरडले. दिवसभर जाळी ठोकून घेण्यात गेला.

शपथ कुणासमोर घेतली नव्हती, तेव्हा मोडली असं म्हणता येणार नाही.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

मालक म्हणाले की एवढी मोठी ऑर्डर जाते आहे तर एक बाटली बाहेरच्या लॅबमध्ये तपासून घेऊ का. मला वाईट वाटलं, आणि तसं बोलून दाखवलं. विश्वास नसेल तर चीफ कशाला नेमता. ते ओशाळले. बाटली तरी द्या, मी पाठवतो, म्हटलं. पिशवीत ठेवलीय.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

माझ्या आयुष्यातला दिवस.

दादा माल बघायला कारखान्यात आले. ही बरोबर. दादांनी बोट बुडवून चाखलं. तोंड जरा वाकडं केलं आणि म्हणाले, जावईबापू, मऊ लागतंय हो. खरंच पाच आहे ना? मी हसलो. म्हटलं, दादा, जीभ हे काही इन्स्ट्रुमेंट नव्हे. बसा.

दोघांना स्टुलांवर बसवलं. पांढरा कोट चढवला. ब्युरेट भरली. मालकही दारात येऊन उभे राहिले. मी भाषणाची सुरुवात केली, मित्रहो वगळून. कॉस्टिक सोडलं. थेंब पडतो, विरतो. हिला म्हटलं, बघ, काही होत नाही असं वाटतं ना? ही म्हणाली, हो. आणि मग एका थेंबाला गुलाबी! जरा गडदच आला, पण दारापर्यंत दिसायला हवा होता. तीस मोजले, मोठ्याने. दादासुद्धा माझ्याबरोबर पुटपुटत मोजत होते.

आकडेमोड केली. पाच. अगदी नाकासमोर पाच.

दादांनी पुन्हा विचारलं, म्हणजे पक्कं? मी म्हटलं, दादा, मी जबाबदार. त्यांनी मान डोलावली, उठले, माझा हात दोन्ही हातांत घेतला. जाड कातडीचे हात आहेत, कांद्याचा वास येतो. ही त्या फ्लास्ककडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर अभिमान असावा.

बुधवार, ४ मार्च

दादांकडे बरण्या भरणं चालू. ही मदतीला जाते. हात व्हिनेगरने फाटतील म्हणून मी रबरी मोजे आणून दिले. परत आली ती मोजे घडी घालून. लागलेच नाहीत, म्हणाली. बोटांना झोंबतच नाही. मी म्हटलं, बघ, किती शुद्ध माल आहे.

थेंबसाहेबांचे तीन फोन. उचलले नाहीत. एखाद्याला आपण मागे पडल्याचं स्वीकारता येत नाही, हे बघवत नाही.

सोमवार, ९ मार्च

परीक्षा घ्यायचीच म्हणून कार्टन्स बाजूला केले, ऑक्झॅलिकची बाटली बाहेर काढली, टेबलावर ठेवली. मग वाटलं, माल तर भरून झाला. आता बघून बरोबर निघालं तर वेळ वाया, आणि चुकीचं निघालं तर त्या वेळी बघायला हवं होतं. दोन्हीकडून अर्थ नाही. बाटली परत कपाटात. कार्टन्स मात्र नीट रचले. आता कपाट छान दिसतं.

शुक्रवार, २० मार्च

दादांचा हिला फोन. काही बरण्यांत व्हिनेगर गढूळ दिसतंय. मी सांगितलं, कांद्याचा स्टार्च. कांद्यात स्टार्च असतो की नाही ते नंतर पाहीन.

मंगळवार, २४ मार्च

बरण्यांवर पांढरी साय. काकड्या हातात धरल्या की चिखल. दुकानवाल्यांनी गाड्या भरभरून परत पाठवल्या, वर आता आमचा-तुमचा संबंध संपला असं कळवलंय. सगळ्या सीझनचा माल. दादांच्या अंगणात उभ्या-आडव्या बरण्याच बरण्या.

मी हिला म्हटलं की बरण्या नीट धुतल्या नसणार. बरण्या हिनेच धुतल्या होत्या. ही काही बोलली नाही.

गुरुवार, २६ मार्च

दादांनी एक बरणी आणि एक न उघडलेला कॅन बाहेरच्या लॅबमध्ये दिला होता. रिपोर्ट आला. व्हिनेगर ३.४ टक्के.

३.४! मी हसलो. पण एकटाच.

उघड आहे. ते लोक मिथाइल ऑरेंज इंडिकेटर घालत असणार. वीक ॲसिड आणि स्ट्राँग बेस असताना मिथाइल ऑरेंज घातलं की रंग फार लवकर बदलतो, ॲसिड आहे त्याहून कमी दिसतं. हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. असल्या गाढवांमुळे एका कुटुंबाचं नुकसान होतंय. उद्या स्वतः जाऊन त्यांचे वाभाडे काढतो. दादांना निरोप दिला, चिंता नको.

शुक्रवार, २७ मार्च

गेलो. माझंच म्हणणं आधी ऐकून घ्या म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्यासमोर पुन्हा तपासलं. रंग गुलाबी आला. फिकट, जेमतेम, थेंबसाहेबांच्या वेळी यायचा तसा. मिथाइल ऑरेंज नव्हतं.

३.४.

त्यांच्या कॉस्टिकच्या बाटलीला रबरी बूच होतं. काळं, चिकट. चावल्यासारखं.

बसमध्ये जागा होती तरी उभा राहून आलो. पिशवीत हात घातला तर फेब्रुवारीतली ती बाटली. मालकांनी तपासायला दिलेली. इतके दिवस माझ्याबरोबर घरी जाऊन परत येत होती.

शनिवार, २८ मार्च

दादा घरी आले. बूट न काढता दाराशीच बसले. मी खुर्ची पुढे केली, बसले नाहीत. ओरडतील असं वाटलं होतं, त्याची तयारीही केली होती. ते एवढंच म्हणाले, मी दोनदा विचारलं होतं, जावईबापू.

मी सांगू लागलो की थंडी, जिवाणू, नळाचं पाणी. ते उठले. हिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. म्हातारे दिसत होते. परवापर्यंत नव्हते.

सोमवार, ३० मार्च

परीक्षा घेतली.

संकल्प न करता घेतली. सकाळी कपाट उघडलं, ऑक्झॅलिक तोललं, कॉस्टिक सोडलं. सोडतच राहिलो. ब्युरेट संपली, पुन्हा भरली.

कॉस्टिकचं बळ शंभरात अडुसष्टच उरलं होतं. म्हणजे माझा पाच हा खरा ३.४. त्या लॅबच्या आकड्याशी दशांशापर्यंत जुळतो. माझी आकडेमोड कुठेही चुकली नव्हती. ही एकच चांगली बातमी आहे आणि ती कुणाला सांगता येत नाही.

व्हिनेगर कधी कडक झालंच नव्हतं. कॉस्टिक मरत होतं, म्हणून जास्त लागत होतं. मी पाणी ओतत होतो. दादा माझ्याबरोबर तीस मोजत होते.

कापसाचा बोळा काढून पाहिला. खालून कडक झालेला, पांढरा, खडूसारखा. हवा.

मालकांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले की त्यांनी थेंबसाहेबांना कालच बोलावून घेतलंय. तूर्तास. मला घरी बसायला सांगितलं, मुदत सांगितली नाही. खिडक्या बंद झालेल्या होत्या. हॉलमधून जाताना ठसका लागतो का म्हणून मुद्दाम खोल श्वास घेतला. लागला नाही.

बुधवार, १ एप्रिल

आज ही बोलली.

मी फक्त चहा मागितला होता. कपात पांढरे कण तरंगत होते, तर म्हटलं, किटली जरा साफ करायला झालीय. एवढंच. तेही सहज, बोलणं व्हावं म्हणून.

तिने किटली खाली ठेवली. मग म्हणाली की किटलीचं तिने फेब्रुवारीतच सांगितलं होतं. तेव्हाच तिला कळलं होतं, आणि तरीही ती दादाला म्हणाली, हे बघतील. का म्हणाली, तर मला कुणीतरी एकदा तरी मोठं म्हणावं असं तिला वाटलं. मी आनंदात होतो. खिडक्यांचं सांगताना मी जेवायचं विसरायचो, तिला ते आवडायचं. आणि त्या दिवशी मी पांढरा कोट घालून तीस मोजत होतो तेव्हा तिला माहीत होतं की काहीतरी चुकतंय, पण तिला वाटलं की मलाही माहीत असेल, मी बघून घेईन. दादाने तिच्यासाठी शाळा सोडली आणि तिने दादाला माझ्यासाठी बुडवलं, असं म्हणाली. ते फार हळू म्हणाली.

आणखी पुष्कळ म्हणाली. लग्नापासूनचं. मला वाटत होतं काहीच होत नाहीये. तिच्या पोटात किती होतं, मला कल्पना नव्हती.

मध्ये बोलायला गेलो. स्ट्राँग बेस मी! मला रडू आलं. ती रडली नाही.

दादांकडे गेली, बरण्या रिकाम्या करायला. मी येतो म्हटलं. नको म्हणाली. कधी येशील विचारलं. म्हणाली, बरण्या संपल्या की.

रविवार, ५ एप्रिल

दादांच्या गल्लीच्या टोकाशी जाऊन उभा राहिलो. वास तिथपर्यंत येतो. अंगणात ही आणि दादा स्टुलांवर समोरासमोर बसून एकेक बरणी उलटी करत होते. मोजे न घालता. पुढे जायचा संकल्प केला होता, गेलो नाही.

बरण्या अजून पुष्कळ आहेत. कुंपणाच्या वर दिसतात.

सोमवार, १३ एप्रिल

सकाळी बाजारातून रबरी बूच आणलं. दुकानदाराने विचारलं, कुठल्या मापाच्या बाटलीला? सांगता आलं नाही. अंदाजाने घेतलं. खिशात आहे.

ओट्याखालचं कपाट आवरताना मागे व्हिनेगरची एक जुनी बाटली सापडली, डिसेंबरची. थेंबसाहेबांच्या वेळची. हिने राखून ठेवली असणार. बूच काढलं आणि ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं. किटलीत ओतून एक उकळी काढली. थर फसफसून सुटला, तळ आरशासारखा. किती सोपं होतं.

हिला फोन केला. किटली साफ झाली, असं सांगितलं. बरं झालं, म्हणाली. पुढे काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. तीही बोलेना. मागे बरण्यांचा आवाज येत होता. मी मनात मोजायला लागलो. तिसाच्या आत तिने फोन ठेवला.

तिसाच्या आत, म्हणजे नियमाप्रमाणे हा शेवट नव्हे. लिहून ठेवतो.

सवयीने दोन कप चहा केला होता. किटली नीट विसळायची राहिली, त्यामुळे चहाला व्हिनेगरचा वास येत होता. दोन्ही कप मीच प्यालो.